रिकामी कासारीन

राळेगाव
मंगळवार, ९ मे २००६

चि. श्रावन यास मोठ्या बहिनीचा आशीर्वाद.

अथी आम्ही जसे होतो तसेच हाओत. तू कसा हायेस हे विचारायची रीत हाये, म्हनून विचारते. चिरंजीव लिहू का नोको, याच्यावर माह्या दोन सकाळी गेल्या. आता लिहिलं ते लिहिलं, खोडत नाई.

अक्षर वाकडं हाये. एक तं माही शाळा चवथीपर्यंत, त्यात उजव्या मनगटाले चिंधी बांधेल. हात लचकला. घरात सबनले मी तेच सांगतलं, तं सध्या तूही तेच समज. तुह्या भाऊजीनं विचारलं, "कोनाले लिहून राह्यली व एवढं?" मी म्हनलं, "कलेक्टरले." तवापासून मानूस बाहीर खाटेवर बसून हाये. काही विचारत नाई.

अथचं काय सांगू? औंदा कापसाची पराटी दाखवाले उभी होती, बोंड नाई. महागाचं पुडक्यातलं बियानं आनलं. दुकानदार म्हने, याले अळी लागतच नाई. पुडक्यावर लिहेल हाये म्हने. अळीले वाचता येत नाई ना! पेपरात रोज आपल्या जिल्ह्याचं नाव येते, चांगल्यासाठी येत नाई. तुह्या भाऊजीले मी पेपर वाचूच देत नाई. त्याच्यात पापड वाळू घालते. ऊन असं हाये का चिमनी घागरीवर येऊन बसते आन् हाकललं तरी उडत नाई.

आता मुद्द्यावर येते. मी आखितीले, अक्षय तृतीयेच्या सनाले, बोरीले गेलती.

तू गेल्यापासून सनावाराले मी माहेरी पाय टाकला नव्हता. तुह्याबिगर ते घर पाहवत नाई, म्हनून. पन तुह्या शोभानं निरोपावर निरोप धाडले. तुह्या लेकीचं, सुरभीचं लग्न जमलं बापा! पोट्टा केळापूरचा हाये. शेती हाये, आन् मोटारपंप दुरुस्त करते. नाव नयन. पोट्ट्याचं नाव नयन काहून ठेवलं हे मले समजलं नाई, पन मानूस चांगला वाटला. सुरभीकडं पाहून हासला नाई, तिच्या मायकडं पाहून हासला. मले ते आवडलं.

त्याची म्हातारी आजी मोठी खट हाये. सुपारीच्या दिवशी तिनं सबनसमोर विचारलं, "पोरीचा बाप हाये का नाई? हाये तं मांडवात उभा करा. नसन तं मेल्या मानसाची भरतेत तशी आखितीले त्याची घागर भरा, मंग पोरीचा चुलत आजा कन्यादान करन. असं मधात लोंबकळेल बापाच्या पोरीले आमी घरात कसं घ्याव?"

म्हातारीचं काही चुकत नव्हतं.

तू कापसाच्या ट्रकवर बसून गेला तवा आमाले काय समजलं ते तुले कोनी सांगतलं नसन, तं ऐक. ट्रकवाला म्हने, पांढरकवड्याच्या पुढं पैनगंगेच्या पुलापाशी ट्रक थांबला. तू कापसावरून खाली उतरला, हातपाय धुऊन येतो म्हनला, आन् काठ उतरून गेला. त्यानं हॉर्न वाजवला. हाका मारल्या. मंग कापूस घेऊन आदिलाबादले निंघून गेला. कापसाले वेळ होते ना! मानसाले काय, मानूस थांबते. आपले बबनकाका आन् तुहा ढोलकीवाला उत्तमसिंग काठ धुंडून आले. चप्पल नाई, दुपट्टा नाई, काहीच नाई. मंग लोकाइची तोंडं सुटली. कोनी म्हने तिकडं जिनिंगमधी दिसला, कोनी म्हने माहूरले बैराग्यात दिसला. एक जन तं म्हने, पान्याच्या ट्याक्या इकते. तुहा धंदा काय असंन ते ठरवाले सारं गाव बसलं होतं. तू हायेस का, हे कोनी ठरवू शकलं नाई.

सहा वरसं, श्रावन. शोभा कुकू लावे. लावताना हात थांबे. पाह्यलं मी.

तं औंदा आखितीले तुही घागर भरली.

झालं. लिहून टाकलं. आता सारं सांगून टाकते.

आपल्या बाच्या घागरीशेजारी तुही नवी घागर मांडली. वर खरबूज, आंबा, सूत गुंडाळलं. मंग बबनकाका आगारी टाकाले बसले. बाच्या नावानं गोवरीच्या इस्तवावर पुरनपोळी, कुरडई, भात टाकला, वरून तुपाची धार सोडली. तसा भडका उठला, का काकाची मिशी वाचली तेच खूप. आपला बा जेवाले बसला का असाच बसे, धीर नाई. मंग तुह्या नावाचा घास टाकला. तूप सोडलं.

पेटलं नाई.

धूर निंघाला. काळा नाई, पांढरा, पान्याच्या वाफेसारखा. काकानं फुकलं, पुन्हा तूप घातलं. सुरभीनं पुठ्ठ्यानं वारा घातला. इस्तव लालबुंद, बाजूले बाचा घास जळून कोळसा झाला, आन् तुहा घास तथीच बसेल, गोरा. मी म्हनली, "तूप दुकानातलं हाये, त्याच्यात डालडा हाये. चला उठा, लोकं जेवाचे हायेत." सारे उठले. शोभा उठली नाई.

मंग तिनं आपल्या हातानं मंगळसूत्र काढलं. बाया फोडाले पुढं झाल्या तं तिनं बांगड्या फोडू देल्ल्या नाई. सरकवून काढल्या. तुले याद असंन त्या दोन बांगड्या, हिरव्या, मधातून सोनेरी रेघ. जाच्या आधी दारव्ह्याच्या बाजारातून तूच आनल्या होत्या. काच कोठी सहा वरसं टिकते काय? तिनं टिकवली. भांडे घासताना काढून ठेवे, कापूस येचाले जाताना काढून ठेवे. हात बारीक तिचा, काढता येत होत्या. काढल्या, दुपट्ट्यात बांधल्या, आन् उत्तमसिंगच्या हाती नाटकाच्या टोपल्यात टाकाले धाडून देल्ल्या. "त्याइच्या टोपल्यात राहू द्या," म्हनली. बस.

हाव, नाटक. बोरीचं आखितीचं नाटक अजून होते बापा. तेच, ज्याच्यात सोनकळा रानीचा पार्ट तुहा.

(गायी आल्या. उठते. बाकी मंग.)

गुरुवार

काल लिहाले जमलं नाई. काल सकाळी सुरभीचा फोन आलता, शेजारच्या दुकानात. काय म्हनत होती ते पुढं येईन.

तं नाटक. रात्री लाइन राहत नाई, भारनियमन हाये. जनरेटर मंडळाले झेपत नाई. म्हनून नाटक दिवसाचं! चार वाजता ऊन कललं का सुरू, अंधार पडायच्या आत आटोपलं. मारुतीपुढच्या निंबाखाली दोन बैलगाड्या जोडून स्टेज, मांगं चादरीचा पडदा. राजा प्रेमसिंग झालता. त्याचा पुठ्ठ्याचा मुकुट घामानं भिजून त्याचा पिवळा रंग कपाळावर उतरत होता. बाया म्हनत, "राजाले कावीळ झाली वं!" मी हासली. दुपारपासून पहिल्यांदा हासली.

मी उत्तमसिंगले विचारलं, "रानी कोन झाली औंदा?" तो ढोलकीले शाई लावत होता. तुहा जोडीदार म्हातारा झाला बापा, भोवया पांढऱ्या झाल्या. म्हनला, "श्रावनच हाये ना."

मी म्हनली, "बह्याड झाला का काय गा? आज दुपारी घागर भरली त्याची."

तो म्हनला, "म्हनून तं आजचा शेवटचा, बाई. मंडळाचा कायदा तुमाले ठावं हाये. ज्याचा पार्ट त्याचा. त्यानं आपल्या हातानं दुसऱ्याले द्यावा, नाई तं त्याची घागर भरावी. तोवर कोनी शिवत नाई. सहा वरसं आमी रिकामीच रानी खेळून राह्यलो."

कायदा मले ठावं होता. गुनाजीबुवाचे दात पडले तरी तोच राजा राह्यला, अर्धं बोलनं हवेतच जाये. पन रिकामी रानी? मले वाटलं, म्हाताऱ्याले ऊन लागलं.

मंग सुरू झालं.

रानी यायची येळ झाली, पडदा सरकला. कोनी नाई. ढोलकी तुही चाल वाजवत होती, ती ठुमकत यायची. प्रेमसिंगनं कोपऱ्याकडं पाह्यलं. मंग त्याची नजर हळूहळू हालत मधात आली आन् थांबली. मी प्रधानाकडं पाह्यलं. त्याचीही नजर तथीच, तेवढ्याच उंचीवर. दासी झालेल्या पोट्ट्याचीही तथीच. मी मांगं वळून पाह्यलं, तं साऱ्या गावाच्या माना एकदमच हालून राह्यल्या होत्या. वाऱ्यानं तुरीचं वावर वाकते तशा. ज्याइनं तुले कधी पाह्यलं नाई, त्या लेकराइच्या बी.

प्रेमसिंग बोले, मंग थांबे. तुह्या वाटचं बोलनं उत्तमसिंग ढोलकीवर बोटानं धरे, तुही जेवढी ओळ तेवढीच धरे. मंग प्रेमसिंग उत्तर दे. एकदा थांबता थांबता हासला. तू अथी काय बोलत होता ते मले आठवलं, "राजा, तुमच्या मिशीले भात लागला." मीही हासली. मंग मले भेव वाटलं, का मी कोनाच्या बोलन्याले हासली? बोललं तं कोनी नाई.

शोभा माह्या शेजारी बसलती. बाया म्हनल्या होत्या, आजच पांढरं कपाळ, आजच नाटकात कायले? ती म्हनली, "शेवटचं हाये." बसली. दोनी हात पदरात गुंडाळून बसली, जसं पोटात दुखते.

रानीले वनवास झाला. मंग तुहा तो सीन. रानी कासारीन होऊन आपल्याच वाड्याच्या दाराशी येते, टोपलं डोक्यावर. राजा वळखत नाई, लेक वळखत नाई. मंग गाडीवरून खाली उतरून बायाइत येते, साऱ्याइचे हात भरते. टोपलं स्टेजच्या कोरेवर ठेवेल होतं. उत्तमसिंग गाऊ लागला. आवाज फाटला त्याचा, पन गाते.

"हात दे वं बाई, हात दे मले,
तुह्या दाराशी मी कासारीन;
वळखशीन तं आत बोलाव,
नाई वळखलं तं पुढं जाईन."

आन् बायाइनं हात पुढं केले! रिकाम्या हवेत. पहिल्या रांगेतल्या बाईनं केला, मंग तिनं घेतला, मंग दुसरीनं केला. एक हात वर, एक खाली, एक वर, एक खाली, असे रांगेरांगेनं जवळ येत होते. कोनी हासत नव्हतं. सहा वरसापासून करून राह्यल्या म्हने, आता त्याइले काही वाटतच नाई. उजेड पिवळा झालता, धूळ उडत होती, लहान लेकरं बी गुपचूप. मले राग आला. गावच्या गाव येडं झालं आन् मले कोनी सांगतलं नाई.

मंग ते शोभापाशी आलं.

दरसाली म्हने सारी रांग शोभापाशी थांबे, तिचा हात भरला का ढोलकी ताल बदले आन् कासारीन माघारी फिरे. औंदा शोभानं हात काढला नाई. कसा काढनार? विधवेनं बांगडी कशी भरावी? ती खाली मान घालून बसली. ढोलकी वाजत राह्यली. तोच ताल, तोच ताल. बाया पाहून राह्यल्या. गाडीवर प्रेमसिंग उभा, मुकुट हातात. ढोलकी काही संपेना.

माहा सभाव तुले ठावं हाये. मले थांबनं होत नाई. मी आपला हात पुढं केला, शोभाच्या आडून, आन् म्हनली, "घाल बापा एकदाची कोनाच्या तरी हातात, आन् जाऊ दे खेळ पुढं!"

कोनीतरी माहा हात धरला.

तू बांगडी घालताना अंगठ्याचं हाड दाबे, ते कोनाले जमत नाई. तुह्या करंगळीचं वाकडं हाड, जुवाखाली सापडलं होतं ते, माह्या तळहाताले टोचे. लहानपनापासून टोचे. तेच टोचलं. अंगठ्याचं हाड दबलं, दुखलं, मी "आई वं" म्हनली. हात सुटला. ढोलकीनं ताल बदलला.

मी हात पदराखाली घेतला. पाह्यलं नाई. नाटक संपेपर्यंत पाह्यलं नाई. अंधार पडायच्या आत संपलं, रानी वाड्यात गेली, लोक उठले. मंग निंबामांगं जाऊन पाह्यलं.

हिरवी. मधातून सोनेरी रेघ.

माहा हात पाह्यला हायेस ना तू? कासार मले पाहून कपाळाले हात लावते, सगळ्यात मोठी बांगडी बी साबन लावून चढवा लागते. शोभाची बांगडी माह्या चार बोटाइतून बी जात नाई. ती माह्या मनगटात होती. अजून हाये. काढता येत नाई, फोडल्याबिगर निंघनार नाई. लचकला-बिचकला काही नाई हात. चिंधी त्याच्यासाठी, तथीच बांधली.

मी उत्तमसिंगपाशी गेली. तो टोपलं आवरत होता. मी काही म्हनायच्या आधीच म्हनला, "वहिनीची एकच बांगडी राह्यली टोपल्यात." मंग माह्या चिंधीकडं पाह्यलं. मी विचारलं, "शोभापाशी एवढा येळ काहून वाजवलं? लाज नाई वाटली?" तो म्हनला, "मी वाजवलं नाई बाई. मी दोनदा हात उचलला. ढोलकी सुटेचना." असं म्हनून त्यानं हात दाखवले. बोटं सोललेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तं शोभा अंगनात, आगारीच्या राखेपाशी. काडीनं उकरत होती. तुहा घास तसाच होता. पुरनपोळीले डाग नाई. ती मले म्हनली, "बाई, जळला नाई. जित्याच्या नावानं टाकला मी. जित्या नवऱ्याची घागर भरली, त्याचं आयुष्य तोडलं मी. पोरीच्या लग्नासाठी तोडलं."

मी म्हनली, "काही तोडलं-बिडलं नाई. उठ, चहा ठेव."

उठली. चहा ठेवला. पेली नाई.

तं सुरभीचा फोन. पोरगी रडत होती. "आत्या, आई काहीच खात नाई. पानी पेते फक्त. म्हनते बाबा जिते हायेत, येईन तवर लग्न नाई होत. केळापूरवाल्याइले निरोप धाडते म्हनते. तू ये, तुह्याच शब्दाची तिले किंमत हाये. घागर भरा, हे तूच म्हनलं होतं ना?"

हाव. मीच म्हनलं होतं. ती म्हातारी बसलती, शोभा माह्या तोंडाकडं पाहत होती, काका खाली पाहत होते, आन् मले उकडून राह्यलं होतं. मी म्हनली, "भरून टाका एकदाची." जसं वालाच्या शेंगा निवडून टाका म्हनते तसं. म्हनूनच तू ती बांगडी माह्या हातात घातली का गा? शोभाचा हात पदरात होता, ते मी समजते. पन एवढ्या बाया होत्या. तू जो पुढं येईन त्याचाच हात धरनार, हे मले ठावं पाहिजे होतं. लहानपनी बी जो पहिला उठला त्याच्याच मांगं जाये तू.

आता जे कोनाले सांगतलं नाई ते.

तुहा हात ओला होता.

नुसता ओला नाई. थंडगार होता, खोल विहिरीतून बादली वर येते तसा. त्या दिवशी ऊन एवढं का निंबाचे पानं वाळून वाजत होते, आन् माह्या कोपरापर्यंत पानी आलं. माह्या पदरावर डाग पडला तो गेला नाई, त्याले चिखलाचा वास हाये. ही चिंधी मी रोज सकाळी पिळते, श्रावन. रात्री सुकी बांधते, सकाळी पिळते. नदीचा गाळ निंघते, बारीक, काळा. तुहे भाऊजी म्हनते, कायचा घाम व एवढा. मी म्हनते, उनाचा.

तू जिता नाई. जित्या मानसाचा हात एवढा थंड नसते. शोभाले मी काय सांगू, हे मी काल दिवसभर इचार केला. सांगतलं तं तिचं कुकू खरंच गेलं. सहा वरसं ती ज्याच्यावर जगली ते मी माह्या हातानं काढून घेईन. नाई सांगतलं तं ती उपाशी मरन, आन् पोरीचं लग्न मोडन, आन् तिले वाटत राहीन का तिनंच जित्या नवऱ्याले मारलं.

आज सकाळी चिंधी पिळता पिळता मले समजलं. रात्री नाई, दिवसाउजेडी, नळापाशी बसून समजलं, येड्यासारखी उठून उभी राह्यली.

तुहा घास काहून पेटला नाई? तू जिता हायेस म्हनून नाई रे. तू ओला हायेस म्हनून. आमी बाच्या शेजारी तुले बसवलं आन् इस्तवावर जेवाले वाढलं, पन तुले पान्यातून बाहीर काढलंच नव्हतं. ओल्या मानसाच्या घासाले इस्तव कसा लागन? हे कोनाच्या डोक्यात आलं नाई. बबनकाकाच्या बी नाई, एवढ्या पोथ्या वाचते. आमी तुले मेलेला म्हनलं, पन कोठी मेला ते म्हनलं नाई. आन् तू सहा वरसं दारोदार हात धरत फिरून राह्यला.

शोभानं काही तोडलं नाई. हे तिले सांगाव लागन. मी सांगीन. माह्याच तोंडानं सांगीन, कारन घागर भरा हे माहंच तोंड बोललं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी बोरीले जाते. चिंधी सोडून शोभापुढं हात ठेवते. तिची बांगडी हाये, तिनंच पाहावी. मंग तिले घेऊन पैनगंगेच्या पुलावर येते. उत्तमसिंगले ढोलकी घेऊन ये म्हनून निरोप देल्ला. येतो म्हनला, कायले हे विचारलं नाई. तुही घागर बी आनते, रिकामी करून. त्याच नदीच्या पान्यानं भरीन आन् घरी नेईन. बांगडी शोभा फोडन, माह्या मनगटावर, पुलाच्या दगडावर. काच लागली तं लागली. तुहा घास तथी पान्यातच सोडू. मंग तुले घरी आनून पुन्हा आगारी टाकू, आखिती असो का नसो. तवा पेटवजो. तेवढं कर. शोभाले दिसू दे.

हे पत्र मी टपालात टाकत नाई. कोठी टाकू? तुले वाचता तं येतच नव्हतं, पार्ट बी उत्तमसिंग बोलून दाखवे तवा तू पाठ करे. म्हनून पुलावर उभी राहून मीच मोठ्यानं वाचीन. तोंडी सांगाले गेली तं मी मधातच रडन, आन् मले रडाले आवडत नाई, म्हनून लिहून घेतलं. गाड्याइचा आवाज राहते तथी, कान देजो.

फक्त वरचा पहिला शब्द वाचनार नाई. चिरंजीव. तो अथीच ठेवते.

तुहं गानं मले आता पाठ झालं. "वळखशीन तं आत बोलाव." तं ऐक. वळखलं, श्रावन. सहा वरसं उशिरा, पन वळखलं. पुढं जाऊ नोको. आत ये, घरी चाल.

तुही मोठी बहीन,
विमल